शेवटून दुसरा

बेसबॉल मला कळत नाही, हे मी ऑफिसात पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पुण्यात संख्याशास्त्र शिकले, दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत आकडेमोड करते. खेळ कुठला का असेना, आकडे बघून माणूस जोखता येतो, असा माझा तोरा होता. गेल्या हिवाळ्यात तो उतरला.

इथे बेसबॉलची एक नवी लीग सुरू व्हायची होती. संघांनी नुकत्याच निवडलेल्या कोवळ्या पोरांची क्रमवारी लावायचं काम आमच्याकडे आलं. वरच्या थोड्यांना करार आणि रेसिडेन्स व्हिसा, बाकीच्यांना परतीचं तिकीट. आणि हाताशी काय, तर एका दुपारी मशीनने मोजलेला चेंडूचा वेग आणि धावण्याची वेळ. एकानेही अजून खरा सामना खेळलेला नव्हता. कुणी क्रिकेटमधून आलेला, कुणी भालाफेकीतून. त्या दुपारी कुणाचं पोट बिघडलं असेल, कुणाचा खांदा वर्षभरात निकामी होईल, कुणाला दोन वर्षांनी अचानक सूर सापडेल, हे कोण सांगणार? मोहोर बघून आंब्याची गोडी सांगा, असला प्रकार. वरचे दोघेतिघे सोडले तर सगळे मला सारखेच दिसायचे आणि माझं डोकं फिरायचं.

आकड्यांनी निभेना, तेव्हा आमच्या साहेबांनी ठरवलं की घरच्यांशी बोलायचं. साहेब अमेरिकन, आयुष्यभर खेळाडू पारखलेले. पोराची मेहनत आणि जिद्द घरच्यांच्या बोलण्यातून कळते, असं त्यांचं म्हणणं.

त्या सारख्या दिसणाऱ्यांत रत्नागिरीकडचा एक मुलगा होता, जेमतेम विशीचा. व्हिजिट व्हिसावर आलेला, शारजात वडिलांकडे राहणारा. वडील तिथे मसाल्याच्या दुकानात कामाला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते मुलाला घेऊन आले. मी मराठी आहे म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. साहेबांनी विचारलं, मुलगा मेहनत किती करतो? मी तेच मराठीत विचारलं.

"कसली मेहनत, ताई," ते हसून म्हणाले. "दिवसभर लोळत असतो. आईने डोक्यावर चढवून ठेवलाय. आता तुम्हीच बघा काय जमतंय ते, इन्शाल्ला."

मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. माझ्या बाबांनी माझ्याबद्दल पाहुण्यांना आयुष्यभर हेच सांगितलं. मी भाषांतर केलं आणि लगेच जोडलं, की आमच्याकडे आईबाप चारचौघांत पोराचं कौतुक करत नाहीत, नजर लागते म्हणतात. हे शब्दशः घेऊ नका.

साहेबांनी माझं हे जोडलेलं लिहून घेतलं नाही. बापलेक गेल्यावर म्हणाले, "बाकीच्यांच्या आईवडिलांनी जे सांगितलं ते मी धरलं. याच्या वडिलांनी सांगितलं त्याच्या उलटं कसं धरू? तुझ्या भाषेचा आहे म्हणून?"

मला भयंकर राग आला. राग याचाही, की त्यांचं सगळंच काही चुकत नव्हतं. मी पुन्हा आकडे काढले, भांडले, दुसऱ्या दिवशी परत भांडले. मुलगा शेवटून दुसरा लागला.

निकाल कळवला त्या संध्याकाळी मी डिस्कव्हरी गार्डन्सला घरी पोचते न पोचते तोच वडिलांचा फोन आला.

"ताई, खलास का सगळं?"

मी हो म्हटलं. मग ते एकदम आवाज खाली आणून बोलू लागले. पोरगा पहाटे फजरच्या नमाजाआधी उठतो. पार्किंगच्या भिंतीवर चेंडू फेकत बसतो, वॉचमन हाकलेपर्यंत. बोटं सोलवटली तरी कुणाला दाखवत नाही. गावी आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात असा पोरगा नाही, ताई. हे तुमच्या साहेबांना सांगाल का?

आता उपयोग नव्हता, तरी सांगेन म्हटलं. मला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून विचारलं, इतकं हळू का बोलताय?

"तो आत बॅग भरतोय," ते म्हणाले. "ऐकेल."