यशोदेची कडी

जर्मनी हा एक देश होण्याआधी तिथलं प्रत्येक राज्य थेलर नावाचं आपापलं चांदीचं नाणं पाडायचं. माझ्याकडचा बव्हेरियाचा. एका बाजूला केसांचा टोप घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला ढगांवर बसलेली मेरी आणि तिच्या मांडीवर बाळ येशू. इतिहास शिकवणाऱ्या बाईला असले नाद असतात. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सरळ कपाळाला लावला. "यशोदा हाय की गं!" मी हसले, समजावत बसले नाही.

त्या शनिवारी शाळेतून आले तर थेलरची प्लास्टिकची डबी टेबलावर उघडी, रिकामी. नवरा म्हणाला, "आई मस्तगडला गेलीय, सोनाराकडे. कडी बसवून आणते म्हणाली."

माझं डोकंच फिरलं. कडी डाग देऊन जोडली की थेलर थेलर राहत नाही, गळ्यातलं पदक होतं. दोनदा माझा गर्भ पडला होता, आता पाचवा महिना लागला होता, दगदग नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी रिक्षात बसले. सासूबाईंना फोन लावला तर त्या उचलेनात. खड्ड्याखड्ड्याला जीव वरखाली होत होता. नाण्यासाठी की पोटासाठी, मलाच कळेना.

पोचले तेव्हा सोनाराने थेलर चिमट्यात धरला होता आणि गॅसची ज्योत पेटवली होती.

"थांबा!" मी किंचाळले.

"डाग न्हाई दिला अजून, ताई." त्याने ज्योत बाजूला घेतली.

मी सासूबाईंवर तुटून पडले. दुसऱ्याची वस्तू, विचारायची रीत, अक्कल, सगळं काढलं. गिऱ्हाइकं बघत राहिली. त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

"तुझ्याच गळ्यात घालायची व्हती," त्या शेवटी म्हणाल्या. "लेकरू मांडीवर घेऊन बसलेली हाय ती. मागल्या दोन्ही येळेला आपल्या धावड्याच्या देवीला नवस बोलून आल्ते, तिनं न्हाई ऐकलं. मंग म्हटलं, हिला सांगून बघावं. तुला इचारलं असतं तर तू हसली असती."

हसलेच असते. त्या दोन्ही वेळी घरात मी एकटीच रडले, असं मी धरून चालले होते. आता भर दुकानात मला रडू फुटलं आणि त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं.

सोनाराने विचारलं, "मंग राहू देऊ का, ताई?"

"लावा," मी म्हणाले. "पण घट्ट बसवा. निसटता कामा नये."