शिव्यांवर वाढलेली वेल

पिनवाल्या काकूंनी उभा जन्म कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतण्यात घालवला. शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी, बाह्या, खिसे. हात असा बसलेला की खडूची रेघ नुसती दाखवायला. कामावरून सुटल्या तेव्हा घरात नवरा नव्हता, मूलबाळ कधी झालंच नव्हतं, आणि कात्री काही हातातून सुटेना. माणसाने करावं तरी काय? त्याच कात्रीने त्यांनी वेडेलिया छाटायला घेतली.

वेडेलिया म्हणजे जमिनीवर सरपटत जाणारी पिवळ्या फुलांची वेल. मोठी उनाड जात! उष्ण हवा आणि थोडी ओल मिळाली की पाय पसरते, आणि जिथे तिचं पेर मातीला टेकेल तिथे मूळ धरते. लोक शेंडा तोडून खोचतात नि मोकळे होतात. काकूंना असलं उरकून टाकलेलं काम खपायचं नाही. त्या वेलीचा लांब फाटा तसाच ठेवायच्या, त्याचं एक पेर शेजारच्या माती भरलेल्या डब्यात टेकवायच्या आणि त्यावर केसांची पिन खोचायच्या. मग मधूनच दोन बोटांनी हलकंसं ओढून बघायचं. वेलीने उलट ओढ दिली, म्हणजे खाली मूळ धरलं. तेव्हा कुठे कात्री चालायची. "आईपासून तोडायची एवढी घाई कशाला?" असं म्हणत त्या प्रत्येक आल्यागेल्याच्या हातात एक डबा ठेवायच्या. गल्लीने त्यांचं नाव पिनवाल्या काकू पाडलं ते यावरून.

गुण गावेत तेवढे थोडे, पण एक खोड होती. वाकडं दिसलं की हात आपोआप पुढे व्हायचा. काकूंच्या अंगणाखाली मातीचा सरळ कापलेला उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी त्यांच्या दिराचं घर. धाकट्या जावेने त्या नव्या घरासाठी हौसेने पडदे शिवले. माहेरची माणसं बघायला आली होती, आणि त्या भरल्या बैठकीत काकूंनी एका पडद्याची खालची पट्टी उसवायला घेतली! "वाकडी गेलीय गं, आत्ता सरळ करून देते." झालं. धाकटीचा चेहरा पडला, मग तापला, आणि त्या दिवसापासून दोघींची तोंडं दोन दिशांना. काकूंना चूक कळली, पण बाण सुटून गेला होता. दिराची मात्र पंचाईत झाली. बिचारा घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, दोन घरांचे निरोप वाहता वाहता त्याचंच घड्याळ बिघडायची वेळ आली.

एके दिवशी तो वर आला तो खाली मान घालूनच.

"वहिनी, यंदाही मागच्या दारातून चिखल आत आला. ओटा, डबे, सगळं बरबटलं. ती म्हणते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आला तर घर विकायचं. मीही हो म्हणालोय."

हा दीर काकूंनी लग्न होऊन आल्यावर बोट धरून शाळेत सोडलेला. त्यांना स्वतःचं म्हणावं असं जगात उरलं होतं ते या उताराच्या खालीच.

"भावजी, त्या उतारावर वेडेलिया लावू द्या मला. मुळं माती धरून ठेवतील. विचारा तिला."

उत्तर विचारायला जावं लागलं नाही, खालूनच आलं. "माझ्या हद्दीत कुणाची काडीसुद्धा नको! आधी पडद्याला हात, आता दारात रान!"

काकूंनी विषय तिथेच सोडला. न विचारता हात लावण्याचा परिणाम एकदा भोगून झाला होता.

पण वेलीला कुठे हद्द कळते? काही दिवसांत काकूंच्या कुंपणाखालून दोनचार फाटे उतारावर लोंबायला लागले. धाकटीने बघितलं मात्र! तरातरा आली, फाटे उपटले आणि भिरकावून दिले. कुठे? तिथेच, उतारावर. भाजीची देठं, चहाचा चोथा, भांड्यांचं पाणी, तिचं सगळं तिथेच तर पडायचं. काकू वरून बघत होत्या. थोड्या दिवसांनी त्यांना दिसलं, की फेकलेल्या तुकड्यांतले दोन चांगले तरारलेत.

काकू स्वतःशीच हसल्या. कितीतरी दिवसांनी.

काय डोकं बाईचं! धाकटी सांगून लावणार नव्हती, हे ठरलेलं. पण रागाने फेकायला तिला कोण अडवणार? त्या दिवसापासून काकू मुळं फुटलेले फाटे कात्रीने सोडवायच्या आणि कुंपणाखालून असे सारायच्या की वाटावं, वेल आपणहून आलीय. धाकटी यायची, उपटायची, फेकायची. हाताला जोर चांगला, त्यामुळे तुकडे उताराच्या पार खालपर्यंत जायचे. काकूंच्या गुडघ्यांना तिथवर उतरणं जन्मात जमलं नसतं. बाजूला उघडी जागा दिसली की दुसऱ्या दिवशी फाटा त्या बाजूने सारायचा. वरच्या अंगणात पाणी घालताना पाइप जरा खाली कलायचा, इतकंच.

आणि शिव्या? त्या तर रोजच्या होत्या. "कटकटी म्हातारी! स्वतःला सुख नाही, दुसऱ्याला लाभू देत नाही!" काकू कुंपणाआड पाटावर बसून सगळं ऐकायच्या. कधी डोळे भरायचे. पुसायच्या आणि पुढची पिन खोचायच्या. इतकं गिळायला छाती लागते हो. आपल्यासारख्याने दुसऱ्याच दिवशी वेल उपटून तोंडावर मारली असती.

उतार हिरवा झाला, मग पिवळा. धाकटीला वाटलं, या मेल्या वेलीपुढे आपण हरलो. उपटायचा कंटाळा करायला लागली.

मग पावसाळा आला, आणि एका दिवशी पाऊस आभाळ फाटल्यासारखा कोसळला. काकू छत्री घेऊन कुंपणाला चिकटून उभ्या. नजर खालच्या मागच्या दारावर. पाणी वेलीवरून घरंगळत होतं, फुलं चेपून बसली होती. एकदा वाटलं, सुटली माती. नाही सुटली. दारापर्यंत पाणी आलं ते गढूळ होतं, पण चिखल नव्हता. तरी काकू पाऊस ओसरेपर्यंत हलल्या नाहीत.

पाऊस थांबला तशी धाकटी बाहेर आली. चिखल न लागलेला उंबरठा बघितला, उताराकडे बघितलं, आणि कुंपणाखाली पडलेले ताजे फाटे उचलून निरखत राहिली. मग तशीच चढून वर आली, ओल्या पायांनी, सरळ काकूंसमोर.

"जाऊबाई, ही वेल आपणहून येत नव्हती. देठ कात्रीने कापलेत. एकही फाटा वरच्या वेलीला जोडलेला नाही. तुम्ही ठेवत होतात."

काकूंनी मान हलवली.

"मला वेड्यात काढलंत?"

"सरळ सांगितलं असतं तर लावली असतीस?"

"नसती लावली."

"मग?"

"आणि मी जे जे बोलत होते... ते ऐकू येत होतं?"

"सगळं. म्हातारी म्हणालीस, ते तेवढं लागलं."

धाकटीच्या तोंडाचं पाणी पळालं. "अहो, मग एकदा तरी उलटून बोलायचं! एवढं ऐकून घेतलंत कशाला?"

काकूंनी छत्री मिटली.

"तू ओरडायचीस ना, तेव्हा कळायचं, माझी माणसं आहेत खाली. दिवसभरात तेवढाच आवाज माझ्यासाठी असायचा." त्यांनी तिचा हात धरला. "चिडून का होईना, पण राहा गं. घर विकू नकोस. मला एकटीने नाही राहवत."

धाकटीने तोंडाला हात लावला. मग ती पुढे झाली आणि काकूंना अशी घट्ट धरून रडली, की खालून दीर धावत वर आला, कुणाचं काय झालं म्हणून.