रक्तात वेड शोधणारे डॉक्टर

वेड्यांच्या इस्पितळात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, फणसाच्या चिकासारखे ते आपोआप हाताला चिकटतात. पन्नासच्या दशकात मी रत्नागिरीत तसल्याच एका इस्पितळाच्या लॅबोरेटरीत होतो.

आमच्या डॉक्टरांना एकच ध्यास. वेड रक्तात दिसलं पाहिजे! "पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. मन बिघडलं की शिपायांत खळबळ होणारच!" मग पेशंटच्या बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर पसरायचा आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावायचा.

*

तुलनेला शहाण्यांचं रक्त हवं होतं. डॉक्टरांनी स्टाफला हाक मारली आणि व्हरांडा ओस पडला! वॉर्डबॉय सखाराम तेवढा तावडीत सापडला. म्हणाला, "सायेब, मी शहाणा हाय ह्ये बायकोला कसंबसं पटलंय. आता कशाला खोलात जाताव?"

*

दत्तोपंत मात्र रांगेत कायम पहिले. घरून कुणी कधी भेटायला न आलेले म्हातारे पेशंट. एकदा काम उरकलं, तरी त्यांनी दुसरं बोट पुढे केलं.

"दुखत नाही का हो?"

"दुखतं की! पण तुम्ही हात धरता ना!"

पुढे सुई नसली तरी मी त्यांचा हात धरून बसायचो.

*

एकदा डॉक्टर ओरडलेच, "सापडलं!" बहुतेक पेशंटांच्या रक्तात एकाच जातीच्या पेशी वाढलेल्या. खुशीत त्यांनी तुलनेला स्वतःचं रक्त दिलं. त्यातही त्याच पेशी! पुन्हा एकदा मायक्रोस्कोपात डोकावले आणि पोट धरून हसत सुटले. "अहो, वेड कसलं, जंत आहेत जंत!" औषधाचा पहिला डोस त्यांनीच घेतला.

*

केळशीची हलीमा. कानात आवाज येतात म्हणून आणलेली, आता छान सावरली होती. बोचकं बांधून फाटकाकडे बघत बसायची. नवरा इब्राहिम जहाजावरून रजेवर आला, तो तिला न्यायलाच. पण इथे रक्त तपासतात हे घरच्यांच्या कानावर गेलेलं. त्यांनी बजावलं होतं, तिच्या रक्तात वेड उरलं नाही असं डॉक्टर म्हणाले, तरच तिला घरात घेऊ.

इब्राहिमने हे सांगताच डॉक्टरांचा चेहरा उतरला. एवढं एक खोटं बोलायचं, पण त्यांच्याने ते होईना.

"इब्राहिमभाई, हलीमा बरी आहे, हे मी सांगतो. पण रक्त बघून कुणाला शहाणं ठरवता येत नाही."

"कोणालाच नाय?"

"कुणालाच नाही."

इब्राहिमने बायकोचं बोचकं उचलून खांद्यावर टाकलं.

"मग माझे घरवाले शहाणे, ह्या कोणी ठरवला? चल गो हलीमा, बोट चुकंल!"