बिनमिशीचा राजा

आमच्या दापोऱ्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बी.ए., मग इतिहासात एम.ए., आणि एका सुट्टीत जळगावला राहून मोडी वाचायलाही शिकले. म्हणूनच आमच्याच भागातल्या, अर्धी हिंदी बोलणाऱ्या लालबागच्या एका जुन्या संस्थानिक घराण्यातून मला बोलावणं आलं. तापीकाठचं ते संस्थान नकाशावर बोटाखाली झाकलं जाईल एवढं होतं, पण आजही गल्लीतले लोक तिथल्या वयस्कर मालकांना सरकारच म्हणतात.

सरकारांना आपल्या आजोबांवर स्मरणिका काढायची होती. आजोबा म्हणजे इंग्रजांच्या अमलातले शेवटून दुसरे राजे. "मॅडम, कागद वाचायचे आणि बढिया लिहायचं. खाली तुमचं नाव, एम.ए. सकट," ते म्हणाले. माझं नाव छापून येणार म्हणून मी घरी फोन केला, तर बाबांनी सगळ्या आळीला सांगून टाकलं.

मी शिकवायचे ती शाळा सुटली की रोज त्यांच्याकडे जायचे. लाल रुमालात बांधलेले कागद सोडायचे, वाचायचे, पुन्हा बांधायचे. वाचता वाचता माझा जीव वैतागून जायचा. राजाला नाशिकला जायचंय, इंग्रजांच्या एजंट साहेबाला विचारा. राजाला मुलीचं लग्न ठरवायचंय, विचारा. अरे, राजा होता की शाळेतलं पोर?

मग एका पत्राचे तीन मसुदे सापडले. राजांच्या आईला जाऊन चार दिवस झाले होते आणि साहेब शिकारीला येणार होता. पहिल्यात राजांनी लिहिलं होतं की मातोश्री गेल्या, सुतक आहे, दिवस होईपर्यंत मोहलत मिळावी. दुसऱ्यात विनंतीची प्रार्थना झाली होती. तिसऱ्यात तर आईच नव्हती, नुसतं 'प्रकृती ठीक नाही', आणि तेच रवाना झालं. उत्तर आलं की कॅम्प ठरलेला आहे, हजर राहावे. दहाव्याला राजांनी क्षौर केलं, डोक्याचे केस आणि मिशीही उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी साहेबाबरोबर मेलेल्या वाघाशेजारी उभे राहिले. त्याच रुमालात तो फोटो होता, मागे तारखेसकट. पागोटं नीट बसलेलं, वरचा ओठ मिशीविना उघडा, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाहीच.

हाच फोटो सरकारांच्या बैठकीत मोठा करून लावलेला आहे. त्यात राजांना झुबकेदार मिशी आहे! मी विचारलं तेव्हा सरकार हसले. "वडिलांनी लोधीपुऱ्यातल्या पेंटरकडून रंगवून घेतली होती. बिना मूंछ का राजा अच्छा लगता है क्या?"

"पण सरकार, ती मिशी आईसाठी उतरवली होती."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. लोक म्हणतील, साहेबानं काढायला लावली."

"मग खरं काय ते लिहू ना. मी पाच पानं लिहिलीत त्याच्यावर."

"ती पाच पानं काढा. लिहा की इंग्रजांना वाघाची शिकार आमच्या आजोबांनी शिकवली." मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, घरचं दुःख चौकात नाही मांडत. तुम्ही शिकल्या-सवरल्या आहात."

हे शिकल्या-सवरल्याचं मला फार लागलं. आईसाठी मोहलत मागणारा माणूस यांना लाजिरवाणा वाटतो, आणि साहेबाशेजारी मिशीवर ताव देणारा वाटत नाही! मी दोन आठवडे भांडले. निदान एक पान ठेवा म्हटलं, खरा फोटो मागच्या बाजूला छापा म्हटलं. शेवटी म्हणाले, "ज़िद मत करो बेटा." तेव्हा मी म्हटलं, मग माझं नाव काढा. त्यांनी लगेच काढलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

स्मरणिकेच्या कार्यक्रमाला नको नको म्हटलं तरी बाबा आलेच, धुतलेला सदरा घालून. खुर्चीत बसून त्यांनी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा उलटलं.

"तुयं नाव कुठी हाये वं?"

बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी नीट ऐकलं. म्हणाले, "तुयी आजी गेली तवा केळीचा ट्रक बांधावर उभा होता. म्या सांगितलं, दहा दिवस घडाले हात लावत नाही. व्यापारी मुकाट निंघून गेला. आन् राजाले इचारा लागे?"

"लागे ना, बाबा. तेच तर लिहिलं होतं मी."

त्यांनी पुस्तक काखेत धरलं. मग म्हणाले, "पन नाव ऱ्हाऊ द्याचं होतं. गावात काय सांगू आता?"

मी म्हटलं, सांगा, खोट्याखाली नाव नको होतं मला. दापोऱ्याला गेले की ते आजही हेच विचारतात, आणि दर वेळी आमचं भांडण होतं.