रळियातबांनी हुंगलेलं तेल

दिवाळी उलटून नव्या भुईमुगाच्या शेंगांचं तेल निघू लागलं, तरी गुजरातेतल्या गोंडलच्या पटेलशेरीत, त्या अख्ख्या गल्लीत, एकही डबा येत नसे. आधी म्हाताऱ्या रळियातबांनी वास घ्यायचा, मग शेरीनं वर्षाचं तेल भरायचं. दुकानातल्या छापील डब्यांना बा हिंग लावून विचारत नसत. तेलाच्या घाण्यावर जायचं, धार तळहातावर घ्यायची, चोळायची, नाकाशी न्यायची. सून निवडताना आपण इतका विचार केला नव्हता, हे त्या सुनेसमोरच सांगत.

त्या वर्षी वशरामच्या घाण्यावर साऱ्या बायका रिकामे डबे घेऊन मागे उभ्या होत्या. बांनी तेल चोळलं, हुंगलं. पुन्हा चोळलं. चेहरा उतरला, मग लाल झाला.

"वशराम, यात शेंग कुठाय? सरकी मिसळायला लागलास होय रे, मेल्या!"

वशरामच्या हातातलं मापच गळालं. "बा, माझ्या बापाच्या वेळेपासून तुम्ही इथलं तेल खाताय! तुमच्यादेखत दाणे टाकले."

"डोळ्यांत धूळ टाकशील. नाकात नाही!"

बायकांनी डबे उचलले. घमघमाट त्यांना तर येत होता, पण बांच्या नाकापुढे आपलं नाक चालवायची कुणाची छाती? शेरी गेली की गावही जाणार, हे ओळखून वशराम मटकन पोत्यावर बसला.

सून इला तेवढी हलली नाही. "बा, असं काय करता? मला तर वळणावरच दाण्यांचा वास आला. भूक लागली."

बांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग घाण्यातली गरम पेंड मुठीत घेऊन नाकाशी धरली. काहीच नाही. पाण्याचा पेला हुंगावा तसं. श्रावणातल्या तापानं तोंडाची चव गेली होती, ती येईल परत, म्हणून त्या थांबल्या होत्या. नाकही गेलंय, हे त्यांना आत्ता कळत होतं, तेही सगळ्या शेरीसमोर. गप्प बसल्या असत्या तर त्यांचा मान राहिला असता आणि वशराम बुडाला असता.

"ठेवा गं डबे खाली," त्या कशाबशा म्हणाल्या. "तेल चोख आहे. मलाच वास येत नाही. कसलाच."

मग इलाला रडूच कोसळलं.

"म्हणजे तुम्हाला कळतच नव्हतं? बा, श्रावणापासून रोज फोडणी करपतेय! तुम्ही दुसऱ्या कुणाला चुलीपाशी येऊ देत नाही. आम्हाला वाटलं, आमच्यावर रागावून मुद्दाम करताय. तुमचा मुलगा म्हणाला, खा मुकाट्यानं, बाला विचारणार कोण?"

रळियातबा वशरामच्या शेजारी, पोत्यावरच टेकल्या.

"आणि तुझी धाकटी पोर?" त्यांनी विचारलं. "ती तर जरा काही झालं की ताट सरकवते."

"तीसुद्धा गिळते, बा. तुमच्याकडे बघत बघत."