वानखडे बाबूंचं निरोपाचं जेवण

आमच्या राजापेठच्या शाळेत वानखडे बाबूंचे किस्से निघाले, की मधली सुट्टी संपल्याची घंटा कुणालाच ऐकू येत नाही. बाबू म्हणजे आमचे क्लार्क. गेल्या वर्षी रिटायर झाले. स्टाफमध्ये प्रत्येकाकडे त्यांचा एकतरी किस्सा आहेच. माझ्याकडे तर एकट्या निरोपाच्या जेवणाचेच तीन-चार आहेत!

त्याआधी हा एक ऐका. एक पालक दाखल्यासाठी टेबलावर हात आपटून ओरडत होते. बाबूंनी शांतपणे त्यांच्यापुढे ग्लास ठेवला. "आंधी पाणी प्या भाऊ. मंग पुन्हा पयल्यापासून ओरडा, मी ऐकून राहिलो."

पालक हसले. दाखला घेऊन गेले.

*

निरोपाच्या जेवणाची जागा प्राची मॅडमनी शोधली होती. मॅडम नव्याच, सायन्सच्या, उत्साह दांडगा. तिवसा रोडवरचं ते गार्डन रेस्टॉरंट होतंही देखणं. संत्र्याच्या झाडांत कंदील, सारवलेलं अंगण, पितळेचे तांबे. बाबूंच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, झोपाळ्यावर बसल्या त्या उठायलाच तयार नव्हत्या!

बाबूंनी मेनूकार्ड सर्व्हिस बुक तपासावं तसं शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मग वेटरला विचारलं, "यातलं आज काय काय हाये?"

"पनीर मसाला आहे सर. आणि रोटी, राईस."

"मंग बाकीचं नुसतं वाचाले ठेवलं काय?"

*

तासाभरानं पनीर आलं. गोड! रोटी तोडताना दोन्ही हात लागत होते. भातात कणी राहिलेली. प्राची मॅडमचा चेहरा पार उतरला. आम्ही सगळे ताटात बोटं फिरवत बसलो आणि बाबूंनी वेटरला हाक मारली, "अजून घाला थोडी भाजी."

मी हळूच विचारलं, "बाबू, खरंच आवडली?"

"अजिबात नाई. पण त्या पोरीनं किती हौसेनं आणलं आपल्याले!"

*

आमचे हेडमास्तर मात्र तापट. खुर्ची मागे सारून उठले, "बोलवा तुमच्या मॅनेजरला!" बाबूंनी त्यांचा हात धरला.

"सर, बसा. जेवण बिघडलं तं बिघडलं, माही संध्याकाळ काहून बिघडवता?"

हेडमास्तर बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून!

*

तेवढ्यात वहिनींनी विषय काढला. "यांचं असंच हाये. लग्नाले पस्तीस वर्षं झाले, पण भाजी चांगली झाली म्हणून एक दिवस बोलले नाई. मीठ इसरलं तरी खातेत, जास्त पडलं तरी खातेत. मले समजतच नाई!"

आम्ही हसलो. बाबू खाली मान घालून जेवत राहिले.

शेवटी मॅनेजर स्वतःच आला. हात जोडून बाबूंसमोर उभा राहिला. "सर, आजचे खास पाहुणे तुम्ही. जेवण कसं वाटलं?"

बाबू खोटं बोलत नाहीत, हे सगळ्यांना माहीत. प्राची मॅडमनी तर डोळेच मिटले.

बाबूंनी हात पुसले. वहिनींकडे पाहिलं.

"मले नका विचारू साहेब. पस्तीस वर्षं इच्या हातचं खाऊन राहिलो. दुसऱ्याच्या हातचं मले काई समजत नाई."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग प्राची मॅडमकडे वळून म्हणाल्या, "पाहा बाई! आता रिटायर झाल्यावर बोलून राहिले हे!"