टिनावरचं पाणी आणि माझं माहेर

एका रिकाम्या रांजणापायी माझं माहेर अडलं होतं. गोष्ट पंचावन्न सालच्या आसपासच्या श्रावणातली. मेडशीजवळच्या खेड्यात मी नवी सून. माहेर शिरपूरचं, बैलांच्या दमणीनं अर्ध्या दिवसाचं. पण नव्या सुनेला ते काशीहून लांब वाटतं! पंचमीसाठी बाबा न्यायला येणार असा निरोप आला आणि माझ्या भाकरी करपू लागल्या.

सासूबाईंनी एकच विचारलं, "तू गेलीस त पानी कोन भरन? माह्याच्यानं विहिरीलोक चालनं होत नाही."

खरंच होतं ते. विहीर नाल्यापलीकडे आणि वाटेत काळ्या मातीचा चिखल (पाय सोडतो, चप्पल ठेवून घेतो). शिवाय उघडीप पडली की परसातले कारल्याचे वेल माना टाकत. मी छपराकडे पाहिलं. टिनांवरचं एवढं पाणी नुसतंच वाहून जातं! आमच्या ह्यांच्या मागं लागून राकेलच्या डब्यांचा पत्रा कापून पन्हळ करवून घेतली. पहिल्याच सरीला तिनं सगळं पाणी चुलीत सोडलं. मग तिचा उतार फिरवला, खाली रांजण मांडला, आणि पाऊस रुसला. मी रोज आभाळाकडे बघायची आणि मला आई आठवायची.

बाबा यायच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. सासूबाईंनी देठं खुडलेल्या वर्षभराच्या लाल मिरच्या ऊन द्यायला काढल्या. मीच शिडीवर चढून त्या टिनावर पसरल्या. आभाळ आलं की उतरव, असं बजावून त्या शेजारी गेल्या.

दुपारी धो धो सर आली. सून धावली, पण रांजणाकडे! रांजण भरत होता आणि मला त्यात शिरपूरचं देऊळ दिसत होतं. मिरच्या तेवढ्या दिसल्या नाहीत. पाणी जरा तांबूस आलं; म्हटलं, टिनाचा गंज असेल.

पाऊस थांबताच बाबा आले. दमणी नाल्याशी सोडून चिखल तुडवत आलेले. पाठोपाठ सासूबाईही परतल्या. नातू होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा बाबांचा नेम. पण हातपाय धुवायला काय हरकत? मी मोठ्या तोऱ्यात रांजणातलं पाणी घागरभर दिलं. बाबांनी तोंडावर सपासप पाणी मारलं, डोळे चोळले आणि जागीच थांबले.

व्याह्याच्या घरी तक्रार करणाऱ्यांतला माझा बाप नव्हता. गुपचूप ओट्यावर बसले. डोळ्यांतून धारा.

"काय झालं, भाऊ?"

"काही नाही, विहीणबाई," बाबा कसेबसे म्हणाले.

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग पदरानं स्वतःचे डोळे पुसले. "बापाचा एवढा जीव लेकीवर, अन् मी कायले अडवू? ने बा तिले, चांगले आठ दिवस. मी हेच रांजणातलं पानी वापरतो."

मी उभ्या उभ्या निघाले. दमणीत बाबांचे डोळे वाहत होते, माझेही. मी तर त्या पाण्याला बोटही लावलं नव्हतं! आज आई नाही, बाबा नाहीत. शिरपूरची वाट दिसली की अजून डोळे भरतात.

आठ दिवसांनी परतले तर सासूबाई दारातच उभ्या. डोळे लालभडक, सुजलेले. माझ्या आठवणीनं रडून रडून झाले असतील, असं समजून मी त्यांच्या गळ्यातच पडले.